झाकणावरची वटवाघळं

शैलजा बोधनकरांनी माझं पहिलं काम रिजेक्ट केलं तेव्हा मला मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते.

आमची कंपनी गाड्यांच्या गिअरबॉक्सचे भाग बनवायची आणि त्या इन्स्पेक्शन रूमच्या प्रमुख होत्या. मला सहा गिअर मोजायला दिले होते. मी पाच मोजले. सहावा अगदी त्यांच्यासारखाच दिसत होता, म्हणून त्याच्यापुढेही ‘ओके’ लिहून टाकलं. मराठी आडनाव पाहून धीर आला होता. म्हटलं, "मावशी, सहावाही बरोबरच आहे असं वाटतंय."

त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि वरून माझ्याकडे पाहिलं.

"एक. इथे मावशी नाही, मावशी घरी. दोन. वाटते, की मोजलं?"

सहावा गिअर मोजला. तो बरोबर होता. तरी त्यांनी माझ्या कागदावर नापास मालाला लावायचा लाल टॅग लावलाच. "गिअर पास," म्हणाल्या, "तू नापास."

संध्याकाळी पार्किंगमध्ये माझी गाडी बर्फात अडकली होती. फावडं घेऊन त्याच आल्या. वीस मिनिटं बर्फ उपसला, माझ्या हाताला फावडं लागू दिलं नाही आणि जाताना म्हणाल्या, "आता मावशी म्हणालीस तरी चालते."

त्या मूळच्या अमरावतीच्या. इंजिनिअरिंगला वर्गात दोनच मुली, त्यातल्या या एक. नवरा लवकर गेला, मुलगी मुग्धा टेक्सासमध्ये प्लेनोला, आणि ही बाई नोव्हायच्या घरात एकटी. बुटकी मूर्ती, बारीक कापलेले पांढरे केस, बाह्या दुमडलेला शर्ट, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला नारायण पेठ नेसून यायच्या तेव्हाही घड्याळ तेच. मंडळात लोक त्यांना जरा घाबरून असायचे. कुणी "मावशी, खिचडी कशी झालीय?" असं विचारलं तर त्या खरं सांगायच्या. त्यांच्या घरी फ्रीजवर लाल टॅग होता, टीव्हीच्या रिमोटवर होता, तडा गेलेल्या एका कपावर होता आणि त्या कपावर लिहिलं होतं, ‘फक्त पेनांसाठी’.

त्या रिटायर झाल्या त्या दिवशी केक कापताना मी विचारलं, "आता काय करणार?"

"बघू," त्या म्हणाल्या. "कुठे ना कुठे काही चुकलेलं असेलच."

ते सापडायला पाच महिने लागले.

आमच्याकडून वीस मिनिटांवर एक लहानसं संग्रहालय आहे. जुने नांगर, शाळेची घंटा, पहिल्या डॉक्टरची बॅग, असं गावानं जपून ठेवलेलं सामान. एका शनिवारी बाहेर उणे बारा होतं आणि चालायला उबदार जागा हवी म्हणून मी त्यांना तिथे नेलं. मागच्या खोलीत एका काचेच्या कपाटात एक टीपॉट होता. चिनी मातीचा, पांढरा, मोठ्या संत्र्याएवढा, त्यावर निळ्या रंगात चित्रं. मी म्हटलं, "छान आहे किटली."

"किटली विस्तवावर चढते. हा टीपॉट." त्या पाटी वाचत होत्या. पाटीवर इंग्रजीत एवढंच होतं: ‘चिनी टीपॉट. पक्षी आणि फुलं. देणगी: एच. लियांग.’

"हा आपला लियांग?" मावशींनी विचारलं.

आपलाच होता. मिस्टर लियांग आमच्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होते. वीस वर्षं ते वरच्या मजल्यावर ड्रॉइंग काढत आणि खाली या ती तपासून परत पाठवत. ख्रिसमस पार्टीतसुद्धा ते यांना ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचे.

"या माणसाने जन्मात कधी ‘पक्षी आणि फुलं’ असं ढोबळ काही लिहिलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "कोणता पक्षी? कोणतं फूल? किती?"

पार्किंगमधूनच त्यांनी लियांगना फोन लावला. स्पीकरवर. लियांग तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते, सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखे बोलायचे. टीपॉट त्यांच्या आजीच्या लग्नातला. पुढे तो त्यांच्या आईकडे आला. आईने तो चीनमधून तैवानला नेला, तिथून तो त्यांच्याबरोबर मिशिगनला. फुलं म्हणजे प्लमची, आणि फांदीवर बसलेले दोन पक्षी म्हणजे मॅगपाय. त्या चित्राला अर्थ आहे आणि तो आमच्याकडे कुणालाही कळतो, असं ते म्हणाले.

"मग पाटीवर काहून नाही?" मावशी इंग्रजीत बोलताना ‘काहून’ मराठीतच म्हणायच्या. लियांगना वीस वर्षांत तो शब्द कळायला लागला होता.

"मी सांगितलं होतं, इन्स्पेक्टर. पाटी लहान आहे म्हणाले. असू दे. उजेड चांगला पडतो त्यावर."

"असू दे नाही," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवारी त्या संग्रहालयाच्या डायरेक्टरकडे गेल्या. लिंडा नावाची ही बाई मनाने चांगली होती, पण तिच्याकडे माणसं कमी आणि कामं फार. ती म्हणाली, "शैलजा, घरातल्या आठवणींवरून मी पाटी बदलू शकत नाही. चिनी वाचणारं आमच्याकडे कुणी नाही. तुम्ही मला पडताळून पाहता येईल असं काहीतरी आणा."

दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. मावशी खूश झाल्या. "बरोबर बोलली. पुरावा मागितला. शिकलेली बाई आहे."

आणि सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी चिनी शिकायला घेतलं.

रविवारी एका हायस्कूलच्या वर्गांमध्ये चिनी शाळा भरायची. मोठ्यांच्या वर्गाला पुरेशी माणसं मिळाली नाहीत म्हणून तो कॅन्सल केला होता. मावशींनी विचारलं, "मग लहानांचा आहे ना?" तेव्हापासून दर रविवारी त्या सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर, गुडघे छातीशी घेऊन, बुटक्या खुर्चीवर बसायला लागल्या. मी एकदा त्यांना आणायला लवकर गेले तर वर्ग चालू होता. चिनी भाषेत एकच शब्द वर चढवून म्हटला तर एक अर्थ, खाली उतरवला तर भलताच. मावशींनी काहीतरी म्हटलं आणि अख्खा वर्ग खिदळला. शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीने त्यांच्या हनुवटीला बोट लावून ती वर ढकलली, म्हणजे आवाज वर जाईल. मावशींनी पुन्हा म्हटलं. पुन्हा हशा. मावशींनी अकरा वेळा म्हटलं. मी दारातून मोजलं. अकराव्यांदा ती मुलगी म्हणाली, "गुड जॉब." गाडीत बसताना मावशी मला म्हणाल्या, "तीस वर्षांत मला कुणी गुड जॉब म्हटलं नव्हतं."

दोन वर्षं चाललं हे. घरी टॅगच्या शेजारी चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या लागल्या. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं यायची, त्यातल्या टीपॉटच्या चित्रांवर त्या भिंग धरून बसायच्या. लियांगकडे दर गुरुवारी चहाला जायच्या. लियांग उच्चार दुरुस्त करायचे आणि या त्यांच्या स्वयंपाकघरातलं नळाचं गळणं.

एकदा मी न राहवून विचारलं, "पण मॅगपाय म्हणजे आनंद, हे कसं ठरलं?"

"उच्चारावरून. पक्ष्याच्या नावात जो ‘शी’ आहे, तसाच त्यांचा आनंदाचा शब्द. प्लमचं फूल म्हणजे ‘मेई’, भुवई म्हणजेही ‘मेई’. पक्षी फांदीच्या टोकावर बसला, म्हणजे आनंद भुवईच्या टोकापर्यंत पोचला. चेहऱ्यावर मावत नाही असा आनंद. म्हणून लग्नात देतात."

माझ्या चेहऱ्यावर काही फार उजेड पडलेला नसावा.

"हे बघ. आपल्यात मान म्हणजे डोक्याखालची, आणि मान म्हणजे आदरही. समज, अहेराच्या ताटावर आपण जिराफ काढला आणि म्हटलं, सुनबाई, तुला या घरात एवढा मान मिळो. तसं आहे ते."

मला जन्मभर पुरेल असं ते चित्र आहे. आजही कुठे निळं-पांढरं भांडं दिसलं की मला आधी जिराफ आठवतो.

पाटीचं काम पुढे सरकत होतं. आईच्या हातची दोन जुनी पत्रं लियांगकडे होती, त्यांत टीपॉटचा उल्लेख होता. ती मावशींनी अक्षर अक्षर लावून वाचली आणि दूरच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाकडून तपासून घेतली. आता राहिलं झाकण. झाकणावर पाच वटवाघळं होती, गोल करून उडणारी. मावशींना आधी ती आवडली नव्हती. "चांगल्या लग्नाच्या भांड्यावर ही अवदसा काहून?" मग कळलं की वटवाघूळ म्हणजे ‘फू’ आणि आशीर्वाद म्हणजेही ‘फू’. मग मात्र त्या त्यांच्या प्रेमातच पडल्या. त्यांनी सिद्धान्त मांडला: खाली आनंद, वर आशीर्वाद. कारागिराने मुद्दाम दोन चित्रांचं एक वाक्य केलंय. झाकण ठेवलं की वाक्य पूर्ण होतं.

मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांनी यावर वीस मिनिटं भाषण केलं. टाळ्या पडल्या. ज्या लोकांना त्या खिचडीत मीठ कमी म्हणाल्या होत्या, ते उठून भेटायला आले. लिंडानेही ऐकलं, तिला भाषण इतकं आवडलं की तिने मोठी पाटी करायचं कबूल केलं आणि वसंतात एक छोटा समारंभही ठरवला. लियांगना सत्त्याऐंशीवं लागणार होतं, त्याच आठवड्यात. मावशींना मी इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

समारंभाला दहा दिवस राहिले असताना टीपॉटसाठी नवीन बैठक करायची होती, म्हणून लिंडाने त्यांना मापं घ्यायला बोलावलं. हातमोजे घालून टीपॉट प्रथमच त्यांच्या हातात आला. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वही घेऊन बसले होते. त्या कॅलिपर लावून आकडे सांगायच्या, मी लिहायचे. तळ. पोट. तोंडाचा आतला घेर. मग झाकणाची खालची कड. तो आकडा सांगताना त्या थांबल्या. पुन्हा मोजलं. झाकण पाव वळण फिरवून पुन्हा. मग त्यांनी झाकण टीपॉटवर ठेवलं आणि एका बोटाने हलकेच ढकललं. ते हललं. दोन्हींतला निळाही आता, खिडकीच्या उजेडात, एक नव्हता. भांड्याचा निळा करडा होता, झाकणाचा थोडा जांभळ्याकडे झुकणारा.

"हे झाकण याचं नाही," मावशी म्हणाल्या.

लिंडा शेजारच्या खोलीत होती. मी हळूच म्हटलं, "मावशी, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

तीन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी मी घरी गेले. त्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर भाषणाचे कागद आणि पहिल्या पानावर लाल टॅग.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं काचेबाहेरून बघत होते. एकदाही लिंडाला म्हटलं नाही, काढून दे, मोजते. मला वाटलं. पोरांना तीस वर्षं जे विचारलं, ते स्वतःला विचारलं नाही." मग कागद बाजूला सारून, "लियांगला सांगावं लागेल. आईची आठवण म्हणून धरून बसलाय म्हातारा. आणि मी जाऊन सांगणार, अर्धी तुझी नाही."

"नका सांगू मग."

"मग पाटीवर काय लिहू? जे खोटं आहे हे मला माहीत आहे, ते?"

त्या गुरुवारी मला बरोबर चल म्हणाल्या. मी त्यांना कधी कुणाला बरोबर चल म्हणताना ऐकलं नव्हतं.

लियांगनी चहा केला. मावशींनी कपाला हात लावला नाही. वही उघडून त्यांनी आकडे वाचून दाखवले, जसे कंपनीत वाचायच्या, आवाजात चढ-उतार नाही. शेवटी म्हणाल्या, "मिस्टर लियांग, झाकण दुसऱ्या टीपॉटचं आहे. माझा सिद्धान्त चुकला. मी सगळ्यांना चुकीचं सांगितलं. सॉरी."

लियांगनी वही आपल्याकडे ओढून आकडे पाहिले. मग ते हसले. नेहमीचं तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं मोठ्याने. आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"इन्स्पेक्टर," ते म्हणाले, "ऐंशी वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

ते सात वर्षांचे असताना ते झाकण त्यांच्या हातून फुटलं होतं. घर आजीचं, टीपॉट आजीचा, आणि आजी कडक. आजी आठवडाभर नातेवाइकांकडे गेली होती. आईने तुकडे गोळा केले, टीपॉट कोटात गुंडाळला, मुलाचा हात धरला आणि बाजारात गेली. जुन्या सामानाच्या प्रत्येक दुकानात ती कोट उघडायची, एक झाकण ठेवून बघायची, नाही म्हणायची, पुढे जायची. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी हे सापडलं. चित्र वेगळं होतं. मुलगा रडायला लागला की आजीला कळेल.

"तेव्हा आई म्हणाली," लियांग सांगत होते, "रडू नको. आनंदावर आता आशीर्वादाचं झाकण आलं. आता तो उडून जाणार नाही. आजी परत आली तेव्हा आईने तिला तेच सांगितलं, की हे पहिल्यापासूनच असं आहे, तुमच्या कधी लक्षात नाही आलं? आजीने ते मान्य केलं की नाही, देव जाणे. पण आईने माझं नाव कधी घेतलं नाही. आणि मीही कुणाला बोललो नाही. माझ्या बायकोलाही नाही."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे अर्थ बरोबर होता," त्या हळू म्हणाल्या. "कारागीर चुकला माझा. ते वाक्य तुमच्या आईचं होतं."

"हो."

"लिहू का मी हे? तुम्ही नाही म्हणालात तर नाही लिहिणार. पण मग झाकणाबद्दल गप्प राहीन. खोटं लिहिणार नाही."

लियांगनी कप खाली ठेवला. "तिने दोन दिवस तो कोटात धरला होता," ते म्हणाले. "लिहा."

लिंडा आधी तयार होईना. लोकांना वाटेल संग्रहालयात सदोष वस्तू ठेवली आहे, असं तिचं म्हणणं. मावशी तिच्या ऑफिसात दोन तास बसल्या. मी बाहेर होते. मला फक्त शेवटचं ऐकू आलं. "लिंडा, डिफेक्ट म्हणजे लपवलेली गोष्ट. ही रिपेअर आहे. रिपेअर कुणी केली ते लिहायचं असतं. आमच्याकडे सही घ्यायचो आम्ही."

समारंभाला चाळीसेक माणसं होती. अर्धी चिनी शाळेची, पाव मंडळाची. दोन वेण्यांची मुलगी आईबाबांना घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. मावशी उठल्या आणि सुरुवातच अशी केली: "मागच्या वेळी मी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं." मग त्यांनी मापं सांगितली, आणि मग ती बाजारातली गोष्ट, लियांगच्या आईचं नाव घेऊन. तो उच्चार त्यांनी किती वेळा घोटला असेल ते मला माहीत आहे. लियांग खुर्चीवर हातात हात गुंफून बसले होते. आईचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. त्या उच्चारात एकही चूक नव्हती.

नंतर ते काठी टेकत कपाटापाशी गेले आणि नवी पाटी वाचली, बोट ओळीखालून फिरवत, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. जुना ड्रॉइंगवाला माणूस. वाचून झाल्यावर मावशींकडे वळून म्हणाले, "पास."

लियांग पुढच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. मावशींनी त्यांच्या मुलांना सगळी पत्रं, मराठी-इंग्रजी टिपणांसकट, नीट बाइंड करून दिली. वर्षभराने त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुग्धाने हट्टाने त्यांना प्लेनोला नेलं. घर विकताना त्या तीन दिवस सामान काढत होत्या. मी मदतीला गेले तेव्हा त्यांनी मला फ्रीजवरचा टॅग काढू दिला नाही. घर घेणाऱ्याला म्हणाल्या, "थर्मोस्टॅट खराब आहे. लिहून ठेवलंय."

मागच्या ऑक्टोबरमध्ये कामासाठी मला प्लेनोजवळच्या डॅलसला जावं लागलं. एक दुपार मोकळी होती. मुग्धाच्या मोठ्या घरात मावशी जरा हरवल्यासारख्या दिसतील अशी माझी समजूत होती. त्या दारातच तयार उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात काठी.

"बरं झालं आलीस. मला स्टेशनवर सोड."

मुग्धा आतून ओरडली, "आई, नॉट अलोन! मी संडेला ड्राइव्ह करते ना तुला!"

"संडेला गर्दी असते," मावशी म्हणाल्या. गाडीत कळलं ते असं: शहरातल्या एका संग्रहालयात आशियाचं दालन आहे. त्यात एक चिनी चहाचा पेला आहे, त्यावर हरिण आणि त्याच्या शेजारी काहीतरी जे पाटीवर ‘झाड’ म्हणून लिहिलंय. फोटोवरून मावशींना ते झाड वाटत नव्हतं. त्याच दिवशी, बुधवारी, तिथली एक बाई भेटायला तयार झाली होती.

स्टेशनच्या फलाटावर ऊन कडक होतं. मी म्हटलं, "मी येते ना बरोबर. माझी दुपार मोकळी आहे."

"कशाला? तुला तिथलं काही कळत नाही." मग जरा मऊ होऊन, "तू थकलेली दिसतेस. घरी जा, मुग्धाकडे जेव. वांग्याची भाजी केलीये, मीठ बरोबर आहे."

गाडी आली. पायरी नव्हती, तरी त्यांनी काठी आधी आत टेकवली, मग डावा पाय, मग उजवा. मी हात पुढे केला होता. तो त्यांनी पाहिला नाही किंवा पाहून सोडून दिला. आत एक तरुण शेजारच्या सीटवर बॅग ठेवून बसला होता. मावशी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि काहीतरी म्हणाल्या. काचेतून ऐकू येत नव्हतं. त्याने घाईघाईने बॅग उचलून मांडीवर घेतली. मावशी बसल्या, पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि गाडी सुटली तेव्हा त्या लिहीत होत्या.